अकरा हजार पावलं

“आई, कालसुद्धा तू दिवसभर नुसती बसून होतीस,” मुलगा फोनवर म्हणाला.

त्या वेळी काकूंच्या गळ्यात काकांचे दोन्ही हात होते आणि काकांचं सगळं वजन काकूंच्या कमरेवर. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत न्यायचं तर असंच न्यावं लागे. फोन खिडकीत, स्पीकरवर. काकूंनी एक, दोन, तीन म्हणत नवऱ्याला उचललं, वळवलं, खुर्चीत टेकवलं आणि धापा टाकत विचारलं, “कोण बसलं होतं?”

“तू! नऊशे चाळीस पावलं. व्यायाम शून्य मिनिटं. मला इथे माझ्या फोनवर सगळं दिसतं गं.”

दिसणारच. काकूंच्या मनगटावरचं ते काळं घड्याळ त्यानंच तर पाठवलं होतं. लांबच्या शहरात नोकरी, आईची काळजी वाटते, म्हणून. पोरगा गुणाचा, त्यात वाद नाही. पण हल्ली काळजीसुद्धा आकडे बघूनच करायची पद्धत पडली आहे.

काकांना कंपवात होऊन पाच वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी पायांनी साफ नाही म्हटलं. तेव्हापासून उठवणं, बसवणं, कूस बदलणं, आंघोळ घालणं, सगळं काकूंच्या अंगावर. काकांची कातडी इतकी नाजूक झाली होती की घड्याळाच्या पट्ट्यानंही ओरखडा उठे. म्हणून त्यांना हात लावण्याआधी काकू घड्याळ काढून ठेवत. खुर्ची ढकलत गच्चीपर्यंत नेताना घड्याळ हातात असे, पण हात दांडीला घट्ट. आणि मनगट हललं नाही तर घड्याळाच्या लेखी माणूस चाललाच नाही! दुपारी टेकल्यावर काकू वर्तमानपत्राने वारा घेत, तेवढीच काय ती त्यांची पावलं.

मागच्या आठवड्यात न्हाणीघरात काका त्यांच्या हातातून निसटले होते. मागे भिंत होती म्हणून निभावलं. तेव्हापासून काकू रात्रंदिवस धास्तावलेल्या. त्यांचं एकच मागणं होतं. सकाळी दोन तास, आंघोळीपुरती, मदतीला एक बाई. ती ठरवायची, तिचं काय ते द्यायचं, हे मुलाच्या हातात होतं.

“बाईचं बघितलंस का रे?” काकूंनी विचारलं.

“आई, पैशाचा प्रश्नच नाही. पण आत्ताच तू इतकी कमी हलतेस. बाई आली तर पार गंजशील. माणसानं बसून राहणं फार वाईट, डॉक्टर सांगतात.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकाशी फोनवर काय भांडायचं? त्यांनी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवून दिला. काका सगळं ऐकत होते. त्यांची जीभ जड झाली होती, डोकं नाही.

सोमवारी आंघोळीनंतर काकू घड्याळ शोधायला लागल्या, तर ते काकांच्या मांडीवर. काकांनी मनगट पुढे केलं. “माझ्या हाताला बांध. मला तरी... वेळ कळेल.”

काकूंनी खाली मऊ रुमाल गुंडाळून त्यावर सैलसा पट्टा बांधला. मग राहिलं ते तिथेच राहिलं. काकूंना कुठे त्याचं कौतुक होतं? उलट, ती ब्याद गेली म्हणून बरंच वाटलं. काकांचा तो हात डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत थरथरत असे. चहाचा कपसुद्धा काकूच त्यांच्या तोंडाला लावत.

शुक्रवारी मुलाचा फोन आला, तो ओरडतच.

“आई, जिंकलंस! चार दिवस रोज अकरा हजार! बघ, मनावर घेतलं की जमतं. आता ते बाईचं खूळ डोक्यातून काढ. तूच एवढी ठणठणीत, तुला कशाला हवी बाई?”

म्हणजे कमी चाललं तरी बाई नाही, जास्त चाललं तरी नाही. वा रे न्याय! काकूंना हसावं की रडावं कळेना. शेवटी रडूच आलं.

“अरे, घड्याळ तुझ्या बाबांच्या हातात आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “ती पावलं त्यांची आहेत.”

पलीकडे मुलाचा आवाज भरून आला. “बाबा... चालतात? अगं, नवीन औषध लागू पडलं? आणि तू मला सांगितलं नाहीस?”

चालतात कसले, डोंबल! हात थरथरतो त्यांचा! हे अगदी काकूंच्या ओठांवर आलं. तेवढ्यात काकांनी त्यांचा पदर ओढला आणि फोनकडे बोट दाखवलं. काकूंनी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

“चालतो,” काका एकेक शब्द जुळवत म्हणाले. “पण दमतो रे. पाय... फार दुखतात. आंघोळीला... माणूस लागतं.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सबंध जन्मात हा माणूस लेकाशी खोटं बोलला नव्हता.

“अहो बाबा, मग आधी नाही का सांगायचं!” मुलगा म्हणाला. “उद्याच बाई पाठवतो. दोन तासांची कशाला, दिवसभराची पाठवतो! रोज अकरा हजार पावलं म्हणजे काय खायचं काम आहे? बसून राहणाऱ्या आईला काय कळणार ते!”