तिरफळाची साक्ष

मेघना शिरसाटने पाणमांजराची ताजी विष्ठा यंत्रात घातली आणि यंत्राची पट्टी जिभेवर ठेवली. पाणमांजराने खाल्लेल्या प्रत्येक घासाची चव त्या पट्टीवर उतरायची. वनखात्यातल्या नोकरीच्या सुरुवातीला ती प्रत्येक चवीनंतर चूळ भरायची. आता कुठल्याही खाडीचं जेवण ती डोळे मिटून ओळखायची.

तळ्याच्या बांधावर इंदुमती तारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तक्रार त्यांचीच होती. चवीत त्यांच्या तळ्यात पाळलेला जिताडा मासा निघाला, तर पाणमांजरांचं अख्खं कुटुंब पिंजऱ्यात बसून दूरच्या धरणावर जाणार होतं. त्यांचे यजमान दाजी मात्र मागे उभे राहून पायाने माती उकरत होते.

आधी खेकडा आला, मग चिखलातले बारके मासे. जिताडा काही येईना. आणि एकदम बांगडा आला, तोही कोकम आणि तिरफळ घातलेला. मेघनाची जीभ झिणझिणली.

"काकू, काल तुमच्याकडे बांगड्याचं तिखलं होतं का?"

पाणमांजरं आरोपातून सुटली होती. इंदुमतींनी सावकाश दाजींकडे पाहिलं. दाजी रोज ताट घेऊन बांधावर जेवायला बसत आणि लख्ख करून परत आणत.

"माझा तिखला तुमी त्या मेल्यांक घातलात?"

"मीठ वायच जास्त झालेला," दाजी पुटपुटले.

इंदुमती मेघनाकडे वळल्या. "बाय, तूच सांग. जास्त झालेला मीठ?"

मेघनाच्या जिभेवर ते मीठ अजून होतं. ती आधी घोटभर पाणी प्यायली.

"मिठाचं या यंत्राला कळत नाही, काकू."