पाच वाजताचा सिग्नल

विनिताने अँटेनाची वायर उपटली. आवाज थांबला. वायर परत जोडली, तसा हेडफोनमध्ये ऑलिव्हर बोलू लागला, “विनिता, टेस्टिंग. एक, दोन, तीन. येतंय का ऐकू?”

ऑलिव्हरला जाऊन अकरा महिने झाले होते. शीळफाट्याजवळ ट्रकने त्याच्या बाइकला उडवलं होतं.

रेडिओ दोघांनी मिळून करायचा ठरवलेला. हवेतल्या एएम लहरींचे सेकंदाला एक कोटी आकडे करायचे आणि स्टेशन पकडणं, आवाज वेगळा काढणं, सगळं लॅपटॉपवर सोडायचं. रिसीव्हर तिच्याकडे, छोटा ट्रान्समीटर त्याच्याकडे. मग तिला नोकरी लागली. “टाइमपास झाला, आता बस,” असं त्याला सांगून तिने त्याचे फोन घेणंच सोडलं. फ्युनरललाही ती गेली नाही. नंतर महिन्याभराने मात्र तिने ते अर्धवट सर्किट कपाटातून काढलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आज तो रिसीव्हर पहिल्यांदा चालला होता.

आकडे चुकीच्या वेगाने घेतले की एखादं स्टेशन नसलेल्या जागी उमटतं, हे तिला माहीत होतं. तिने वेग बदलला. तसलं काही असतं तर आवाज स्क्रीनवर जागचा हलला असता. हा हलला नाही. साडेपाचला आवाज गेला. दुसऱ्या दिवशी बरोबर पाचला पुन्हा आला.

तिसऱ्या दिवशी पाचला ती लॅपटॉप आणि अँटेना घेऊन खाली उतरली. गेटबाहेर आवाजातली खरखर कमी झाली. कोलशेत गावाच्या दिशेने खाडीकडे वळली, तशी सिग्नलचा जोर दाखवणारी स्क्रीनवरची रेघ चढू लागली. गावातल्या क्रूसापाशी रेघ पार टोकाला गेली. समोरचं दार ऑलिव्हरचं होतं.

दार त्याच्या आईने, गर्ट्रूडबाईंनी उघडलं. मागे टेबलावर ट्रान्समीटरचा लाल दिवा जळत होता. त्याला जोडलेल्या जुन्या मोबाइलवर ऑलिव्हरचं रेकॉर्डिंग फिरून फिरून वाजत होतं.

“आंटी, हे तुम्ही लावता?”

“रोज पाचला. आधी तोच लावायचा. विनिताला रेडिओ तपासायला सिग्नल लागतो म्हणायचा.”

विनिता उंबऱ्यातच थांबली. “आंटी, मी तेव्हा काहीच बनवत नव्हते. मी त्याला चक्क नाही म्हटलेलं.”

“ठाऊक आहे मला. सगळं सांगितलेलं त्याने. तरी म्हणायचा, येईल ती.”

विनिताला रडू आवरेना. गर्ट्रूडबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि टेबलापाशी खुर्चीवर बसवलं.

“आता तूच बंद कर गो ते,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून होत नाही.”