मदरशाची गच्ची

गावातल्या जुन्या मदरशाच्या गच्चीवर पसरलेल्या कुरडया पाहून लातूरहून आलेले पुरातत्त्वाचे साहेब भडकले.

"आजी, चारशे वर्षांची वास्तू आहे ही! ज्यासाठी बांधली तेवढंच इथे चालेल. उद्या कुलूप लावतो."

पंचफुलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "निजामानं इथं कचेरी मांडली, सरकारनं ज्वारीचं गोदाम केलं, भूकंपात घरं पडल्यावर अर्धं गाव इथंच निजलं. तवा कुठं होतं तुमचं कुलूप? माझ्या कुरडयाच तेवढ्या डोळ्यात खुपल्या व्हय?"

"मूळ वापर शिक्षणाचा, आजी."

"असं व्हय!"

दुसऱ्या दिवशी साहेब कुलूप घेऊन आले, तर आत अकरा म्हाताऱ्या पाट्या घेऊन मांडी घालून बसलेल्या आणि उर्दू शाळेतून रिटायर झालेली शमीमबी समोर छडी आपटत होती. साहेबांनी हसू दाबलं, कुलूप पिशवीत टाकलं आणि गाडीत जाऊन बसले.

"गेला गं बया!" म्हाताऱ्या टाळ्या देत, खिदळत उठल्या. पंचफुलाबाई तेवढी पाटीवरून मान वर करेना.

"उठ की गं आता!"

"गप बसा भवान्यांनो! 'पंच' झालंय, 'फुलाबाई' राहिलीय."