शेवटच्या दालनातला काळोख

"आज दिवे मंद का लावलेत रे?" गाइडबाईंनी गुहेच्या तोंडाशी वायरमनला अडवलं.

"मंद? मावशी, नवेकोरे बल्ब आहेत. डोळे दिपतील असे."

"मग त्यांच्याभोवती ही रंगीत कडी कसली?"

"आत ओल असते, त्याने दिसत असतील." खांद्यावर शिडी टाकून तो निघूनही गेला. कामचुकार मेला, बाई मनात म्हणाल्या.

सकाळपासून त्यांच्या कपाळाची उजवी बाजू ठणकत होती. डाव्या डोळ्याने तर वर्षभर काहीच दिसत नव्हतं, पण हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या लेकीलाही नाही. डोळ्यांतला दाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते. ती बाटली कधीच संपली होती. साहेबांना कळलं असतं, तर त्यांनी बाईंना गुहेतून काढून बागेच्या फाटकाशी बसवलं असतं, फुगेवाल्याच्या शेजारी. म्हणून पाहुण्यांना कायम उजव्या हाताला ठेवून त्या चालत.

खिडकीशी पुढचं कुटुंब उभं होतं. आजोबा, सून आणि छोटी नात. मुलगा गाडीतच घोरत पडला होता.

"धबधबा झाला, रोपवे झाला, हरणांचं रान झालं," आजोबा सांगत होते. "निम्मा देश पालथा घातला. आता म्हटलं, जमिनीच्या पोटात शिरून बघू."

लेकीने त्यांचे फोन आणि पिशव्या कपाटात ठेवून घेतल्या. वटवाघळांवर कोणी उजेड मारू नये, म्हणून तसा नियमच होता. मग ती खिडकीतून वाकून कुजबुजली, "शेवटच्या दालनात आई दिवा बिघडल्याचं नाटक करते. तुम्ही घाबरल्यासारखं करा. कोणी हसून पचका केला, की दिवसभर माझ्यावर फुगून बसते."

हे कुजबुजणं बाईंना ठाऊक होतं. ते ऐकू न आल्यासारखं करणं हाही नाटकाचाच भाग होता.

आत सगळं नेहमीसारखं पार पडलं. हत्तीचा कान बघून झाला, दगडी पडदा बघून झाला. छतातून लोंबणाऱ्या सुळक्याकडे बोट दाखवून नातीने विचारलं, "हा वाढतो?"

"वाढतो. तुझ्या नखापेक्षा खूप हळू. पण थांबत नाही."

शेवटच्या दालनात त्यांनी तिघांना कठड्याशी उभं केलं. "आता मी दिवे घालवणार. घरातला अंधार हा काही खरा अंधार नव्हे. कुठूनतरी उजेड झिरपतच असतो. इथे तसं काही नाही. तोंडासमोर हात हलवून बघा. दिसल्यासारखा वाटेल, पण तो दिसत नसतो. हात कुठे आहे हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो आपलं चित्र काढून दाखवतो."

त्यांनी लाल बटण दाबलं.

काळोख. कुठेतरी पाण्याचा थेंब पडला.

"दिसतोय! माझा हात दिसतोय!" नात ओरडली.

"मेंदू लबाड असतो, बाळा."

तेवढ्यात कपाळात अशी कळ आली, की बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. ती ओसरल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि हिरवं बटण दाबलं.

काळोख तसाच.

त्यांनी ते पुन्हा दाबलं. अंगठा दुखेपर्यंत दाबून धरलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "दिवा लागेना."

हे वाक्य त्या रोज म्हणत. आज मात्र आवाज कापला.

"अरे बापरे!" आजोबा म्हणाले. "आता कसं हो व्हायचं?"

सून खुदकन हसली आणि लगेच खोकली.

"हसू नका. खरंच सांगतेय." बाईंनी कमरेची बॅटरी काढून तिची कळ पुढे सरकवली. काही नाही. "हीपण मेली? सेल कालच घातलेत!"

"कमाल आहे बुवा," आजोबा म्हणाले.

"आजोबा, पण..."

"श्श! मजा घालवू नकोस," सुनेने नातीला दटावलं.

बाईंना दरदरून घाम फुटला. आत कोणी पडलं, तर साहेब येणार. चौकशी होणार. बाईंचेही डोळे तपासणार.

"माझ्या मागून या. सावकाश. कठडा सोडू नका."

भिंत चाचपत त्या निघाल्या. वाट पाठ होती. पडदा, हत्तीचा कान, ओलं वळण, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं होतं. मागची माणसं नवखी असून कुठे ठेचकाळत नव्हती, धडपडत नव्हती. काळोखात इतकं नीट चालणारे पाहुणे त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

"मावशी, पायरी!"

बाईंनी वेळेत पाय आखडला. जाताना एकदाच चढलेली पायरी पोरीने बरोबर ध्यानात ठेवली होती.

"हुशार गं माझी बाय ती," त्या म्हणाल्या. एक छोटा हात येऊन त्यांच्या हातात शिरला. अजिबात न चाचपता.

अखेर तळव्याला जाड लोखंडी दार लागलं. बाईंनी त्यावर थापा मारल्या.

"आले, आले!" बाहेरून लेकीचा आवाज आला. "आज इतका वेळ, आई?"

"आधी त्या वायरमनला बोलाव! जीव जायची वेळ आली होती."

मागे टाळ्या वाजल्या. "मानलं, बाई तुम्हाला!" आजोबा म्हणाले. "लख्ख उजेडात, हातात पेटलेली बॅटरी धरून भिंत चाचपत आलात. आणि एकदाही हसला नाहीत!"

बाहेरची कडी निघाली. दार करकरत उघडलं. दुपारचं ऊन बाईंच्या तोंडावर पडलं, चटका बसेल असं.

काळोख तसाच होता.