तिच्या हातची गाठ

समुद्राच्या तळातून काढलेली जुनी, फाटकी जाळी त्या कारखान्यात यायची. ती धुऊन, त्यांचा चुरा करून, त्यापासून प्लॅस्टिकच्या खुर्च्या बनायच्या. जाळ्यांत अडकलेले शिंपले आणि शिशाचे गोळे काढायचं काम मावशीकडे होतं. तिचा हात फार सावकाश चालायचा. एकेक गाठ ती बोटांनी चाचपून बघायची. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा होडी घेऊन गेला होता, तो परतलाच नव्हता. म्हणून मुकादमही तिला काही बोलत नसे.

त्या दुपारी तिची बोटं एका गाठीवर थांबली. गाठ तिच्याच हातची होती. तिने जाळं उलगडलं, तर आत त्यांच्या होडीच्या निळ्या फळीचा तुकडा गुंतलेला. जाळं मांडीवर घेऊन ती खाली बसली.

मुकादम धावत आला. तुकडा बघून त्याला काय ते कळलं. "मावशी, हे घरी घेऊन जा. साहेबांना मी सांगतो."

"नको रे बाबा," ती म्हणाली. "घरी सून आहे. ती अजून रात्री दाराला कडी लावत नाही."

मग ती उठली. फळीचा तुकडा तिने लाकडांच्या ढिगात ठेवला आणि जाळं स्वतःच्या हातांनी यंत्रात लोटलं. यंत्र थांबेपर्यंत ती तिथेच उभी होती.

संध्याकाळी सुनेने रोजच्यासारखं दारातच विचारलं, "आई, आज काही सापडलं?"

"नाही गं," चपला काढता काढता ती म्हणाली, "आज सगळी परक्यांचीच होती."