डाहुकाचं भजन

"कुणाचा विश्वास बसायचा नाही सूनबाई, पण महाप्रभूंचा रथ मी एकट्यानं हलवलाय!" म्हाताऱ्या बामदेवांनी सुरुवात केली. पुरीच्या रथावरचे ते डाहुक. त्यांनी चावट गाणं म्हटल्याशिवाय रथ जागचा हलायचा नाही. पण नवी सून पडली कीर्तनकाराची लेक. तिच्यापुढे अब्रू राखायला हवी होती.

"हजारो हात थकले, रथ ढिम्म! मग मी डोळे मिटून एक सात्त्विक भजन आळवलं, आणि रथ असा सुटला म्हणतेस..."

चुलीवरचा गोड पोडपिठा तसाच टाकून त्यांची बायको कुंतळा बाहेर आली.

"साफ खोटं! डोळे टक्क उघडे होते, माझ्यावर खिळलेले. आणि गाणं माझ्या कंबरेवर होतं! रागानं मीच दोराला हिसडा दिला, म्हणून हलला रथ!"