तंबूच्या खुंट्या

बाळाप्पा कंत्राटदाराने पहिली खुंटी ठोकली, तेव्हा स्वयंपाकघरात गूळ किसत बसलेल्या अंबूताईला वाटलं, नातवंडांचा तंबू उभा राहतोय. पदराला हात पुसत ती मागच्या दारात आली.

अंगणात पोरं नव्हती. खुंटीला सुतळी बांधून बाळाप्पा मागे मागे सरकत होता, आणि तिचा वेंकटेश टेपचं टोक धरून कुंपणापाशी उभा होता. सकाळच्या गाडीने आलेला, अजून पायातले बूटही न काढलेला.

"पोरं मागनं येतायत म्हणालास ना रे वेंकू? कुठायत?"

"पुण्यालाच आहेत, आई. शालिनी त्यांना माहेरी नेणार आहे." तो टेपवरचे आकडे बघत होता. "बाळाप्पांना जागा मोजायची होती. म्हटलं, मी आलोच आहे तर."

"छलो ऐती, सायबर," बाळाप्पा पलीकडून कानडीत म्हणाला, मग मराठीत, "चांगली जागा आहे, साहेब. संक्रांतीला बघितलो तेव्हा नुसतं रान होतं, आत पाय ठेवायला येत नव्हतं. आता बघा की, आरशासारखं झालंय. कोण केलं हे?"

वेंकटेशने टेपचं टोक कुंपणाला लावलं.

अंबूताईने अंगणाकडे पाहिलं. टणटणी तिने मुळासकट उपटली होती. गाजरगवताने कोपरापर्यंत हात सुजले, तर त्यांना खोबरेल लावून सकाळी पुन्हा कोयता उचलला होता. कोपऱ्यातली बाभूळ तिने एकटीने आडवी केली. कोयता वर जाताना एका नातवाचं नाव घ्यायचं, खाली येताना दुसऱ्याचं, असं करत करत उणकलच्या तळ्यावरून ऊन कधी डोक्यावर येई, कळत नसे. बाभळीच्याच फांद्या तासून तिने खुंट्या केल्या. खालून टोकदार, वरून गोल. पोरांच्या हाताला सल लागू नये म्हणून डोकी विटेने घासली होती.

त्यांतलीच दुसरी खुंटी बाळाप्पाने आता उचलली.

"तूच सांगितलंस ना," ती म्हणाली, "पोरांनी तंबू घेतलाय, आजीच्या अंगणात ठोकणार आहेत, तेवढं साफ करून ठेव म्हणून?"

"म्हणालो होतो. तेव्हा त्यांचं तसं चाललं होतं."

"तंबू आहे का?"

"आई, आता या उन्हात तू..."

"तंबू आहे का नाही, एवढंच विचारते."

वेंकटेशने टेपचं टोक या हातातून त्या हातात घेतलं. "नाही," तो म्हणाला.

बाळाप्पा ठोकायचा थांबला.

"मग मी काय सांगायला हवं होतं?" वेंकटेशचा आवाज चढला. "घर विकायचंय, म्हणून अंगण साफ कर, असं? केलं असतंस? गडी लावला असता तर तू त्याला दारातनं घालवून दिलं असतंस. आणि तुलाही बरं वाटत होतं की. शेजारच्या चंपाबाई सांगत होत्या, तुमची आई हल्ली गाणी म्हणते म्हणून."

"घर तुझ्या अप्पांनी तुझ्या नावावर केलं. तू वीक, नाहीतर जाळ."

"असं तोडून बोलू नकोस. एकटी किती दिवस राहणार आहेस इथे? पुण्याला तुला काय कमी आहे?"

"तुमच्या अव्वाचे हात लोखंडाचे आहेत, सायबर," वातावरण हलकं करायला बाळाप्पा हसत म्हणाला. "पुण्याला कशाला, माझ्याकडं पाठवा. पाया खणायला एक माणूस कमीच आहे."



अंबूताई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या कडेवर लाल भोपळा होता, लहान मूल घ्यावं तसा, आणि उजव्या हातात कोयता. कुंपणावरच्या वेलाचा हा एकच भोपळा पोरांच्या घारग्यांसाठी तिने खाटेखाली ठेवला होता. धुणं धुवायच्या दगडावर तिने तो टेकवला.

वेंकटेशला सुटल्यासारखं झालं. आईचा राग चुलीपर्यंत पोचला की उतरतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. "घारगे का? थांब, मी चीर देतो," म्हणत तो पुढे आला आणि त्याने कोयत्यासाठी हात पुढे केला.

त्याचं बरोबरच होतं. अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्यावर बाईने पहिला घाव घालू नये, असं अंबूताईला तिच्या सासूने सांगितलं होतं. सबंध बाभूळ पाडणारी अंबूताई भोपळ्यासाठी मात्र दूधवाल्या गुंडूला हाक मारायची. गुंडू कोयत्याने एक चीर देई, "घ्या, झालं," म्हणे, आणि मगच ती पुढचं चिरायला बसे. यंदा तिने गुंडूलाही सांगितलं होतं, "तू नको. माझा वेंकू येणार आहे."

तिने कोयता दिला नाही. दोन्ही हातांनी मूठ धरली.

बाळाप्पा हातातली खुंटी टाकून दोन पावलं पुढे आला. त्याच्या घरीही हीच रीत असावी. "ब्याड, अव्वा," तो हळू आवाजात म्हणाला. "नको. सायबरकडं द्या."

"आई," वेंकटेश म्हणाला. आता त्यालाही कळलं होतं.

"पाय मागे घे," अंबूताई म्हणाली. "लागेल."

त्याने पाय मागे घेतले. बाळाप्पाने मान रस्त्याकडे वळवली.

एकाच घावात भोपळा उभा फाकला. दोन्ही फाळी दगडावर डुलल्या, थांबल्या. बिया खाली ओघळल्या, ओल्या, एकमेकींना धरून.